चौदा वर्षांच्या मुलीनं कुणाकुणाची उत्तरं द्यायची?

या आठवड्याचं पत्र इंग्लंडमधून आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आखडून देते.

‘ताई, माझं माहेर आणि सासर दोन्ही खेड तालुक्यातलं. लग्नानंतर इकडे आले. लँकेशायरमधल्या एका लहानशा शहरात राहतो, इथं आपल्या लोकांची वस्ती फारशी नाही. मुलगी इथंच जन्मली. आता चौदा वर्षांची आहे, इयर नाइनमध्ये. मी स्वतः ओढणी घेते, पण तिनं गेल्या वर्षी आपण होऊन डोक्याला स्कार्फ बांधायला सुरुवात केली. तेव्हापासून वर्गातली दोन-तीन मुलं “बॅगेत बॉम्ब आहे का” म्हणून तिला चिडवतात. मागच्या महिन्यात बसथांब्यावर एकानं मागून स्कार्फ ओढला. एकदा वर्गात दहशतवादावर धडा चालू असताना सरांनी सगळ्यांसमोर तिलाच विचारलं, “तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?” ती रडत घरी आली. तिचे अब्बा म्हणतात, मान खाली घालून शीक, कुणाच्या नादी लागू नकोस. आता ती मैत्रिणींना स्वतःचं नाव तोडून, इंग्रजी वाटेल असं सांगते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं, तर तिथं एक काकू म्हणाल्या, “अय्या, मुसलमान असून मराठी किती छान बोलतेस!” आता ती तिकडंही येत नाही. तिला काय सांगू? कधी वाटतं, स्कार्फ काढून टाक म्हणावं. कधी वाटतं, सगळं आवरून कोकणात परत यावं.’

सलाम ताई,

तिला काय सांगायचं ते पुढे बोलू. आधी बसथांब्याबद्दल. मागून येऊन मुलीच्या डोक्यावरचं कापड ओढणं ही मस्करी नव्हे, तो तिच्या अंगावर टाकलेला हात आहे. तिनं ही गोष्ट तुम्हाला सांगितली याचा अर्थ तिचा अजून तुमच्यावर भरवसा आहे. या वयाची कितीतरी मुलं असं काही घरी सांगतच नाहीत, कारण आई रडेल आणि बाप शाळा बदलेल अशी त्यांना धास्ती असते. मी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत बरीच वर्षं शिकवलं. स्टाफरूमच्या दाराशी घुटमळणारी, ‘मिस, घरी नका सांगू’ म्हणणारी अशी मुलं मला चांगली आठवतात. म्हणून सगळ्यात आधी तिला एवढंच सांगा की तू सांगितलंस ते आम्हाला पटलं आणि आता याचं काय करायचं ते आम्ही मोठी माणसं बघू.

तिला जे वाटतंय तो तिच्या मनाचा खेळ नाही. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समधल्या पोलिसांनी धर्मद्वेषाचे जे गुन्हे नोंदवले, त्यांतले ३८ टक्के मुसलमानांविरुद्धचे होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात साउथपोर्टला काय झालं ते तुम्ही जवळूनच पाहिलं असेल. २९ जुलैला नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. काही तासांत फोनाफोनांवरून आवई उठली की मारणारा आश्रयासाठी होडीतून आलेला मुसलमान आहे. तो निघाला कार्डिफमध्ये जन्मलेला सतरा वर्षांचा मुलगा, आईवडील रवांडाचे. तो मुसलमान नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमावानं साउथपोर्टच्या मशिदीवर विटा फेकल्या आणि पुढचा आठवडाभर ही आग गावोगाव फिरत राहिली. तुमची लेक तेव्हा बारा-तेरा वर्षांची असणार. तिनं ते सगळं फोनवर पाहिलेलं आहे, तुमच्याशी बोलली असो वा नसो. त्या मशिदीची पडलेली भिंत दुसऱ्याच दिवशी सकाळी गावातल्या लोकांनी, त्यांतल्या कितीतरी मुसलमान नसलेल्यांनी, येऊन पुन्हा रचायला घेतली, हेही तिला सांगा. दोन्ही गोष्टी एकाच गावात, चोवीस तासांच्या आत घडल्या. फक्त पहिली सांगितली तर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना घाबरत जगेल आणि फक्त दुसरी सांगितली तर तुम्ही तिच्याशी खोटं बोलाल.

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे, स्कार्फ ओढण्याहूनही. तो मुलगा वाईट वागला हे सगळ्यांना कळतं. सरांना मात्र आपण काही चुकीचं केलं असं वाटलंही नसेल. कदाचित तिला बोलायची संधी दिली असं त्यांना वाटलं असेल. पण चौदा वर्षांच्या एका मुलीला, वर्गातली तीस डोकी तिच्याकडे वळलेली असताना, जगातल्या अब्जावधी माणसांच्या वतीनं बोलायला लावायचं? १९९७ साली, म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे पडायच्या चार वर्षं आधी, रनीमीड ट्रस्टनं ब्रिटनमधल्या मुस्लिमद्वेषावर एक अहवाल काढला होता. इस्लामकडे पाहण्याच्या बंद मनाच्या ज्या खुणा त्यात सांगितल्या आहेत, त्यांतली पहिलीच ही आहे: सगळे मुसलमान म्हणजे एकच एक, न बदलणारा गठ्ठा. ‘तुमच्यात काय म्हणतात’ हा प्रश्न त्या गठ्ठ्याला विचारलेला असतो आणि उत्तर द्यायला समोर सापडते ती तुमची मुलगी.

तिला एक वाक्य पाठ करून द्या. ‘सर, मी सगळ्या मुसलमानांच्या वतीनं बोलू शकत नाही, मला विचारायचं असेल तर माझं मत विचारा.’ आणि मत द्यायचं नसेल तर ‘मला यावर बोलायचं नाही’ एवढंही पुरे. हे उद्धट नाही. घरात चार वेळा मोठ्यानं म्हणून बघू द्या, म्हणजे वेळेवर तोंडातून निघेल.

पण ताई, हेच ओझं आपण घरातले लोकही मुलांवर टाकतो. ‘चार लोकांत नीट वाग, नाहीतर म्हणतील मुसलमान असेच असतात.’ ‘मार्क चांगले आण, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील.’ मायेनंच म्हणतो, पण मुलीला ऐकू काय येतं? माझी प्रत्येक चूक माझ्या एकटीची नाही, ती सगळ्या कौमीच्या नावावर लागणार. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं गृहपाठ केला नाही तर ती आळशी ठरते. तिनं केला नाही तर तिचा धर्म मागासलेला ठरतो.

मुसलमान फुटबॉलपटू मोहम्मद सालाह लिव्हरपूलकडून खेळायला लागला, त्यानंतर लिव्हरपूलच्या मर्सीसाइड भागातले द्वेषाचे गुन्हे १६ टक्क्यांनी घटले असं एका अभ्यासात दिसलं होतं. ही गोष्ट आपल्या लोकांत फार आवडीनं सांगितली जाते आणि मलाही ऐकून आनंद झाला होता. पण मुलीच्या जागी बसून ऐकली की ती वेगळी लागते. लोकांनी मला त्रास देऊ नये म्हणून आधी चाळीस-चाळीस गोल करायचे का? साउथपोर्टनंतरच्या त्या दिवसांत लिव्हरपूलच्या एका मशिदीबाहेर निदर्शक जमले, तेव्हा तिथले इमाम खायला घेऊन त्यांच्यात गेले, बोलले, काहींना मिठी मारून आले. त्यांच्या हिंमतीला माझा सलाम. पण तो एका मोठ्या माणसानं स्वतःच्या मर्जीनं केलेला निर्णय होता. तुमच्या मुलीला सामान्य असू द्या. तिला एखाद्या दिवशी चिडचिड करू द्या, गणितात कमी मार्क मिळू द्या, रोजाच्या दिवशी ‘भूक लागली’ म्हणून कुरकुरू द्या. तिच्या वागण्यावरून इस्लामची परीक्षा होत नसते, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे, कारण बाहेर तिला ते कुणी सांगणार नाही.

तिच्या अब्बांबद्दल. ‘मान खाली घाल’ म्हणणाऱ्या बापाला मी भित्रा म्हणणार नाही. परक्या मुलखात येऊन घर उभं केलेल्या माणसाला ठाऊक असतं की एका भांडणानं किती काय जाऊ शकतं. त्यात २०१५पासून ‘प्रिव्हेंट’ या दहशतवाद रोखण्यासाठीच्या योजनेच्या कायद्यानं शाळांवर जबाबदारी टाकलेली आहे की मूल अतिरेकी विचारांकडे वळतंय असं वाटलं तर कळवावं. त्यामुळे कितीतरी मुसलमान आईबाप मुलांना सांगतात, गाझाबद्दल बोलू नको, धर्माबद्दल बोलू नको, उगाच नाव जाईल. ही भीती हवेतून आलेली नाही. पण त्यांना एक फरक दाखवून द्या. ते त्या देशात आले, मुलगी त्या देशात जन्मली. त्यांच्यासाठी मान खाली घालणं ही काही वर्षांची कळ होती, मागे खेडचं घर होतं. तिच्यासाठी इंग्लंड हेच घर आहे. जन्मभर आपल्याच घरात पाहुण्यासारखं दबून राहा, असं तिला सांगता येणार नाही.

आणि कायदा तिच्या बाजूनं आहे. २०१०च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे धर्मावरून विद्यार्थ्याशी भेदभाव करायला शाळेला मनाई आहे. सरकारी खर्चावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेकडे मुलांमधली दादागिरी रोखण्याचं धोरण असावंच लागतं. शाळा म्हणेल, बसथांबा आमच्या आवारात नाही. तर शाळेबाहेर, अगदी बसमध्येसुद्धा झालेल्या दादागिरीवर कारवाई करण्याचा अधिकार अशा शाळांच्या मुख्याध्यापकांना कायद्यानंच दिलेला आहे, हे त्यांना शांतपणे सांगा.

फोनवर बोलून सोडू नका. हेड ऑफ इयरना, म्हणजे तिच्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षकांना, ई-मेल लिहा: कोणत्या तारखेला काय झालं, कोण होतं, नेमके शब्द कोणते, तिथं आणखी कोण होतं. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘अमुक आठवड्यात’ लिहा. सरांच्या प्रश्नाचाही त्यात उल्लेख करा, पण तक्रारीच्या सुरात नको. अशा धड्यांच्या वेळी एखाद्या मुलाला त्याच्या धर्मावरून एकटं पाडलं जाऊ नये यासाठी शाळा काय करणार आहे, असं विचारा. भेटीची वेळ मागा आणि दोघंही जा. अब्बांनी तिथं तोंडातून एक शब्द काढला नाही तरी चालेल, ते खुर्चीवर बसलेले लेकीला दिसले पाहिजेत. भेट झाली की त्याच संध्याकाळी ‘आज असं असं ठरलं’ म्हणून पुन्हा ई-मेल करा. हललं नाही तर मुख्याध्यापक, मग शाळेचे गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणारं मंडळ, ही वाट आहे. स्कार्फ ओढल्याचं पोलिसांना १०१ नंबरवर कळवता येतं, धर्मद्वेषाचा गुन्हा म्हणून नोंदवा असं सांगायचं. मात्र हे मुलीला विचारून करा. तिला नको असेल तर तिचं कारण ऐका. तुमच्या न्यायासाठी तिला शाळेत आणखी एकटं पडायला लागू नये. पुन्हा कुणी हात लावला तर मात्र विचारत बसू नका.

स्कार्फबद्दल तुम्ही घुटमळत लिहिलं आहे आणि तुमची ओढाताण मला कळते. तुम्ही बांधत नाही, तिनं बांधला, तेव्हाच तुम्हाला थोडं नवल आणि थोडी काळजी वाटली असणार. आता ‘काढ’ म्हणालात तर ती दोन गोष्टी शिकेल: त्रास देणारा जिंकतो आणि माझा निर्णय माझा नव्हता. उद्या तिला स्वतःलाच वाटलं की नको, तर तोही मार्ग मोकळा असला पाहिजे. ‘एकदा बांधलास, आता काढलास तर लोक काय म्हणतील’ असं मोहल्ल्यातलं कुणी म्हणालं तर त्याला तुम्ही उत्तर द्या, तिला पुढे करू नका. बांधते म्हणून गोऱ्या मुलांनी छळायचं आणि काढते म्हणून आपल्यांनी, अशी मुलींची दोन्हीकडून कोंडी झालेली मी पाहिली आहे. आईनं एवढंच म्हणावं: बांध किंवा नको बांधूस, भीतीपोटी काही करू नकोस, आणि भीती वाटली तर मला सांग.

नाव तोडून सांगते त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. या वयात ते होतं. घरात तिचं नाव पूर्ण आणि नीट उच्चारा. शिक्षक चुकीचं म्हणत असतील तर भेटीत तुम्हीच सुधारून सांगा.

घरी तिला काय द्यायचं, तर तिचा स्वतःचा इतिहास द्या. ती लँकेशायरमधल्या मशिदीत जाते तेव्हा आजूबाजूला बहुतेक गुजराती आणि पाकिस्तानी घरांतली हनफी माणसं असणार. आपण कोकणी शाफई. धर्माचरणाच्या रीतींचे हे दोन वेगळे पंथ. रुकूत, म्हणजे नमाजेत कमरेतून वाकायला, जाताना हात उचलण्यापासून असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, वेळेपर्यंत बारीकसारीक फरक आहेत. एखाद्या मैत्रिणीनं ‘तू नमाज चुकीची पढतेस’ म्हटलंही असेल. बसा तिच्याशी यावर बोलत. इस्लाम एकच एक गठ्ठा नाही हे तिला पुस्तकातून शिकावं लागणार नाही, तिच्या आजीच्या नमाजेतच ते दिसेल. अरबी समुद्रावरून आलेले व्यापारी, माहीमचे मखदूम अली, ज्यांनी सहाशे वर्षांपूर्वी कुराणावर भाष्य लिहिलं, श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी मराठीत अभंग रचले, ही सगळी तिची माणसं आहेत. आणि इंग्लंडशी आपलं नातं तिच्या अब्बांच्या व्हिसापासून सुरू होत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कितीतरी मुसलमान खलाशी, त्यांचे सारंग आणि तांडेल, इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर काम करत लंडनच्या गोद्यांपर्यंत जात होते. तुमच्या किंवा सासरच्या घरात असा एखादा पणजोबा निघेलच, खेडला फोन करून विचारा.

सुट्टीत जमलं तर लंडनजवळच्या वोकिंगला जा. तिथली शाहजहान मशीद १८८९ सालची, खास मशीद म्हणून बांधलेली ब्रिटनमधली पहिली, भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या पैशातून उभी राहिलेली. नूर इनायत खानची गोष्ट सांगा: टिपू सुलतानाच्या वंशातली मुलगी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी पॅरिसमध्ये लपून रेडिओ चालवत होती, पकडली गेली, १९४४मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला मारलं, मागाहून तिला जॉर्ज क्रॉस मिळाला. पण हे सांगताना एक सांभाळा. ‘बघ, आपणही या देशासाठी केलंय’ अशा सुरात सांगितलंत की तो पुन्हा दाखला गोळा करण्याचाच उद्योग होतो. कुणी न विचारता, जेवताना, तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण पुढ्यात असताना सांगा.

अवघड प्रश्नही येतील. बायकांना वारसात अर्धा वाटा का, अमुक देशात मुलींच्या शाळा बंद का, आयसिसवाले कुराण वाचूनच ते करत होते ना? हे प्रश्न तिला वर्गात टोमणे म्हणून ऐकू येतात आणि रात्री अंथरुणात तिचे स्वतःचे होतात. ‘असं विचारू नये’ म्हणून तोंड बंद केलंत तर ती फोनवर उत्तर शोधेल आणि तिथं एका टोकाला इस्लामला शिव्या देणारे, दुसऱ्या टोकाला तिला जहन्नमची भीती घालणारे बसलेले आहेत. तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर तसं म्हणा, सोबत शोधा. आपल्या धर्मातल्या चालीरीतींवर आपणच सवाल केल्यानं ईमान जात नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई तर १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून उघडपणे भांडले. त्यांचं सगळं पटायलाच हवं असं नाही, आपल्याकडे आजही अनेकांना पटत नाही. पण तेही मराठी मुसलमानच होते. कुणी खरोखर जाणून घ्यायला विचारतंय आणि कुणी डिवचायला, हा फरक तिला ओळखता आला पाहिजे. तो घरात मोकळेपणानं बोलल्याशिवाय येत नाही.

आता थोडं त्या मंडळातल्या काकूंसाठी, आणि हे सदर वाचणाऱ्या त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. तुम्ही कौतुकच केलंत, मला ठाऊक आहे. पण ती मुलगी शाळेत दिवसभर ‘तू इथली कशी’ हे ऐकून आली होती. जिथं आपली भाषा बोलतात तिथं तरी कुणी विचारणार नाही, एवढ्याच आशेनं आईबरोबर आली असेल. तिची मराठी तिच्या आईची, आजीची, खाडीकाठच्या गावाची आहे. परदेशात आपल्या मुलांना कुणी नावावरून, रंगावरून, कपाळावरच्या टिकलीवरून बोललं की आपण चिडतो, मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकतो. तीच मुलगी आपल्या दिवाळीला आली तर तिला फराळाचं ताट द्या, आणि ईदला तिच्या घरी जा, बोलावण्याची वाट न बघता. ताई, तुम्हाला शक्य असेल तर मंडळातल्या एखाद्या समजूतदार बाईशी एकटीशी बोलून हे कानावर घाला. नाही जमलं तर हे सदर पाठवा.

परत येण्याबद्दल मी हो किंवा नाही म्हणणार नाही, तो तुमच्या दोघांच्या पोटापाण्याचा निर्णय आहे. पण मुलीला वाचवायला म्हणून येत असाल तर थांबा. मुसलमान नावाची मुलगी इथंही भाड्यानं घर शोधायला जाते, इथंही तिला काही दारं बंद मिळतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आणि चौदाव्या वर्षी तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचा पाऊस सगळं सोडवून आणलंत तर तिला ती शिक्षा वाटेल, तीही दुसऱ्यांच्या चुकीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर आणा. आजीजवळ राहू द्या, आजी तिचं पूर्ण नाव दिवसातून पन्नासदा हाक मारून म्हणेल.

आधी तो ई-मेल. इंग्रजीत लिहायला अडचण वाटली तर मराठीत लिहून सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी इंग्रजी करून देईन, मुलीला करायला लावू नका. शाळेनं भेटीचा दिवस दिला की कळवा, आणि भेटीत काय झालं तेही. सर चांगल्या मनाचे असतील तर एवढ्यानंच ऐकतील. नसतील तर पुढचं पत्र गव्हर्नरांना आपण मिळून लिहू.

तुमची,
ताई